पाच सेकंदांचे नाना

लग्नघरात पाय ठेवला की माणसं आधी पाणी घेतात, यजमानांची विचारपूस करतात, पंगत कधी बसणार याचा अंदाज घेतात. नाना सरळ टीव्हीच्या मागे जातात. भिंत आणि टीव्ही यांच्यामधल्या फटीत डोकं घालतात आणि तिथूनच विचारतात, “पिवळं भोक आहे का याला?”

नव्या सुनेला याची सवय नसते. ती सासूकडे बघते. सासू म्हणते, “नाना आहेत ते. चहा ठेव.”

पिवळं भोक म्हणजे चित्राची वायर लावायची जागा. शेजारची पांढरी आणि लाल आवाजाची. तिन्ही जागेवर असली की नाना फटीतून बाहेर येतात, डोक्याला लागलेली जळमटं झटकतात आणि मगच यजमानांना नमस्कार करतात. खांद्याला रेक्झिनची पिशवी असतेच. तिच्यात त्यांचा स्वतःचा डीव्हीडी प्लेअर, तीन रंगांच्या दोन जोड वायरी (एक कायम खराब असते, पण कुठली हे लावल्याशिवाय कळत नाही), प्लास्टिकच्या पिशवीत रबरबँडने गुंडाळलेला रिमोट आणि डिस्क पुसायला धोतराचं मऊ फडकं. दुसऱ्याच्या प्लेअरवर त्यांचा विश्वास नाही. “लोक त्यात काय काय घालतात, लेन्स खराब होते,” म्हणतात.

डहाणू आणि तलासरी या दोन्ही तालुक्यांत नानांना ओळखत नाही असं घर मिळणं कठीण. याचं श्रेय टेलिफोनला. नाना टेलिफोन खात्यात लाइनमन होते. चिंचणीपासून थेट अच्छाडच्या नाक्यापर्यंत कुठल्या पाड्यावर कुठली तार जाते, कुठल्या वाडीतला कुत्रा चावतो आणि कुठला नुसताच भुंकतो, हे त्यांना पाठ होतं. निवृत्त झाले तोवर सगळ्यांच्या खिशात मोबाइल आले होते आणि तारांना कुणी विचारीनासं झालं होतं. वायरींशिवाय माणसाला करमावं कसं? त्यांनी मुलाचा जुना कॉम्प्युटर ताब्यात घेतला, एक डिजिटल कॅमेरा घेतला आणि लोकांच्या लग्नाचे, बारशाचे, वास्तुशांतीचे फोटो काढून त्याची टीव्हीवर बघायची डीव्हीडी करून द्यायला सुरुवात केली. मागे गाणं, पुढे एकामागोमाग एक फोटो. लोक तिला ‘सीडी’ म्हणतात. पहिली एक-दोन वर्षं नाना चूक दुरुस्त करत. आता “सीडी आणली का नाना?” म्हटलं की ते निमूट डीव्हीडी काढतात.

पैसे घेत नाहीत. “डिस्कचे तेवढे द्या,” म्हणतात आणि ते कुणी देत नाही. घोलवडकडचे लोक चिकूचं टोपलं पाठवतात, झाईहून सुका बोंबील येतो, तलासरीच्या आतल्या गावांतून उन्हाळ्यात ताडगोळे येतात. २०१६ मध्ये डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हापासून आपलं मानधन सरकारमान्य झाल्याचं ते सांगत असतात.

फोटो कसे असतात म्हणाल, तर वाईट. हे सांगायला हवं, कारण त्यांच्या तोंडावर अजून कुणी सांगितलेलं नाही. नाना कॅमेरा छातीशी धरून काढतात, त्यामुळे फोटोत नाकपुड्या फार. महालक्ष्मीच्या यात्रेचं उदाहरण घ्या. चैत्र पौर्णिमेला मध्यरात्री विवळवेढ्याच्या गडावर ध्वज लागतो. नानांनी खालून त्याचे फोटो काढले. सगळे काळे कुळकुळीत. दुसऱ्या कुणी ते उडवले असते. नानांनी सगळे डीव्हीडीत घातले आणि प्रत्येकाखाली मजकूर दिला: ‘ध्वज निघाला’, ‘ध्वज अर्ध्यावर’, ‘ध्वज लागला’. मागे ढोल. आमच्या शेजारच्या आजींनी त्या काळ्या पडद्याला तीनदा हात जोडले.

पण फोटो काढणं हे नानांचं कामच नव्हे. त्यांचं खरं काम पुढे सुरू होतं, आणि त्याचं मोजमाप सेकंदांत आहे. प्रत्येक फोटोला पाच सेकंद. तीनशे फोटो, पंचवीस मिनिटं. हा हिशोब नानांनी एकदा ठरवला तो ठरवला. पाच सेकंदांत माणूस फोटोतला माणूस ओळखतो, शेजारच्याला कोपराने ढोसतो आणि “किती वाळलाय बघ,” एवढं म्हणतो. तीन सेकंद ठेवले तर म्हणायचं राहून जातं. सात ठेवले तर दुसरा उत्तर देतो आणि भांडण लागतं.

एकदा उंबरगावकडच्या व्याह्यांनी निरोप धाडला, की आमच्या घरच्या मंडळींचे फोटो जरा जास्त वेळ राहू द्या. नानांनी नकार दिला. मग व्याही स्वतः आले, सोबत मिठाईचा पुडा. नानांनी पुडा ठेवून घेतला आणि सांगितलं, “शेठ, तुमच्या लग्नात आमदार आले होते. त्यांना किती दिलेत माहितीय? पाच. मांडववाल्याला पाच. भाताच्या पातेल्याशी उभी होती त्या बाईला पाच. तुम्हाला सहा दिले तर तिला काय सांगू?” व्याही म्हणाले, “एने कोण पूछे छे?” नाना म्हणाले, “तीच विचारील. मी तिच्याकडे रोज दूध घेतो.”

आणि खरंच, त्यांच्या डीव्हीडीत वाढपी असतात, भांडी घासणाऱ्या बाया असतात, वऱ्हाडाच्या इको गाडीचा ड्रायव्हर झोपलेला असतो. गावातल्या महागड्या फोटोग्राफरच्या करिझ्मा अल्बममध्ये यांपैकी कुणी सापडणार नाही. म्हणून डीव्हीडी लागली की खिडकीतून, दारातून, ओट्यावरून ही सगळी मंडळी वाकून बघत असतात. प्रत्येकाला ठाऊक असतं, की आपले पाच सेकंद येणार आहेत, आणि ते नेमके कधी येतील हे मात्र नाना सांगत नाहीत.

यातून एक भानगडही झाली. जुन्या काचेच्या टीव्हीची खोड अशी होती, की आलेल्या चित्राच्या चारही कडा तो चौकटीच्या आत दडपून टाकायचा. कॉम्प्युटरवर ग्रुप फोटोत सोळा माणसं दिसायची, टीव्हीवर चौदा. बोर्डीला सुरूच्या बनात काढलेल्या एका फोटोत नवऱ्यामुलाच्या मावशीचे यजमान कडेला उभे होते. टीव्हीवर त्यांचा फक्त डावा कान आला. मावशींनी भर कार्यक्रमात विचारलं, “आमचे हे कुठायत?”

नाना शांतपणे म्हणाले, “आहेत. टीव्हीच्या बाहेर आहेत.”

मावशी टीव्हीच्या बाजूला जाऊन बघून आल्या. नंतर जे झालं त्यात नानांचा चष्मा गेला. त्यानंतर ते प्रत्येक फोटोभोवती बोटभर काळी किनार सोडायला लागले. पाचेक वर्षांत सगळ्यांकडे सपाट टीव्ही आले. ते कडा तेवढ्या कापत नाहीत, आणि आता सगळ्यांना ती किनार दिसते. लोक विचारतात, “नाना, सगळ्यांना सुतक का घातलंय?”

तांत्रिक बाबतीत नाना हटवादी आहेत. डीव्हीडीवर आपल्याकडच्या पद्धतीत चित्र मावतं ते ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचं, म्हणजे चार लाखांच्या थोडं वर. कॅमेरा काढतो बारा मेगापिक्सेल, एक कोटी वीस लाख. नातवाने गणित करून दाखवलं, की आजोबा, फोटोचा जेमतेम एकोणतिसावा भाग तुम्ही लोकांना दाखवता. नाना म्हणाले, “बरोबर. बाकीच्या अठ्ठावीस भागांत पुटकुळ्या असतात.” बारीक चौकड्यांचा शर्ट आणि दाट रेघांची साडी टीव्हीवर लुकलुकते, म्हणून लग्नपत्रिका आली की ते फोन करून कळवतात: साधे कपडे घाला. लोकांना वाटतं, नाना साधेपणाचे पुरस्कर्ते आहेत.

डिस्क राइट करायची ती चारच्या वेगाने. पाकिटावर सोळा लिहिलेलं असलं तरी चार. सावकाश लिहिलेली डिस्क जुन्या प्लेअरवर अडकत नाही, अशी त्यांची श्रद्धा. भरलेल्या डिस्कला पंधरा मिनिटं लागतात आणि ती पंधरा मिनिटं घरात मिक्सर लावायचा नाही, पलंगावर धपकन बसायचं नाही. नानी तेवढ्या वेळात शेजारी जाऊन येतात. आणि नेमकी चौदाव्या मिनिटाला लाइट जाते. डहाणूत ५०० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र आहे, तिथली वीज मुंबईच्या उपनगरांत पंखे फिरवते. नानांची डिस्क मात्र बाद. बाद डिस्क पुन्हा लिहिता येत नाही, ती चिकूच्या झाडाला दोरीने टांगायची, पाखरं उडवायला. नानांच्या ओळखीच्या वाड्यांमधून दुपारी गेलात तर डोळे दिपतात. खरं तर चिकूचं नुकसान रात्री वटवाघळं करतात आणि रात्री डिस्क चमकत नाही. हे वाडीवाल्यांना माहीत आहे. पण नाना स्वतः शिडी लावून टांगून जातात, त्यांना नाही कसं म्हणायचं?

सॉफ्टवेअरमध्ये एका फोटोवरून दुसऱ्यावर जायचे शेकडो प्रकार येतात. नानांनी विकत घेतलेलं नव्हतं, पण असलेलं सगळं वापरायचं हा त्यांचा बाणा. फोटो घडी घालून जातो, पान उलटतो, ठोकळा होऊन फिरतो, बदामातून उगवतो. गंजाडकडे तारपा नाचाचे फोटो काढले, तर त्यांनी अख्खा फोटोच गोल फिरवला. “नाच गोल आहे ना?” त्या फेऱ्यात दोन माणसं उलटी झाली आणि तारपावाला खाली डोकं वर पाय करून वाजवत होता. ज्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी तोच नाच कागदावर स्थिर रेषांत फिरता ठेवला आणि पद्मश्री मिळवली, त्या गावच्या लोकांनी ते पाहिलं आणि काही बोलले नाहीत. बाकी फोटोवर हळूहळू सरकत जवळ जाण्याचा जो प्रकार केन बर्न्स या अमेरिकन माहितीपटकाराच्या नावाने जगभर ओळखला जातो, त्याला नाना ‘सरकझूम’ म्हणतात आणि तो आपल्यालाच सुचला असं समजतात.

खरी अडचण तेराव्याला होते. कारण प्रकार तेच. चिखल्याच्या एका आजोबांच्या तेराव्याला श्रद्धांजलीची डीव्हीडी लागली. गंभीर बासरी, हार घातलेला फोटो, आणि आजोबा गुलाबी बदामातून अवतरले. मग ठोकळ्याच्या सहाही बाजूंवर आजोबा. मुलांनी रुमाल तोंडाला लावले. नानांना वाटलं, हुंदके आवरत नाहीयेत. त्यांनी मागाहून त्या घरी आणखी एक प्रत नेऊन दिली.

नानांची सर्वांत मोठी करामत मात्र रिमोटची आहे. डीव्हीडीत अशी सोय असते, की डिस्क बनवणाऱ्याने ठरवलं तर बघणाऱ्याच्या रिमोटवरचं ‘पुढे’चं बटण चालत नाही. पडद्याच्या कोपऱ्यात हाताचं चित्र येतं: मनाई. सिनेमा कंपन्या ही सोय कॉपीराइटच्या सूचनेसाठी वापरतात. नाना आपल्या मनोगतासाठी वापरतात. होय, मनोगत आहे. प्रत्येक डीव्हीडीच्या सुरुवातीला, गणपतीच्या फोटोनंतर, नानांचा पासपोर्ट साइज फोटो आणि त्यांच्या आवाजात निवेदन. इथे पाच सेकंदांचा कायदा लागू नाही. ते साडेसहा मिनिटं चालतं. त्यात वधूवरांना आशीर्वाद आहे, खात्यातल्या नोकरीच्या आठवणी आहेत आणि आपल्या धंद्याचे मूळपुरुष म्हणून कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन आहेत. पटवर्धनांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘शांबरिक खरोलिका’चे खेळ केले: काचेवर रंगवलेली चित्रं, मागे दिवा, पुढे पडदा. “कल्याण ठाणे जिल्ह्यात,” नाना सांगतात, “आणि आपलं डहाणूही ठाणे जिल्ह्यात. म्हणजे ही कला आपल्याच जिल्ह्याची.” लोक रिमोट दाबतात, हात येतो, नाना चालूच. महाराष्ट्रात आजवर इतकी व्याख्यानं झाली, पण श्रोत्याला उठता येत असूनही पुढे जाता येणार नाही अशी तजवीज करणारा वक्ता मला हा एकच माहीत आहे.

त्या जिल्ह्यानेच नानांना दगा दिला. ‘आपला ठाणे जिल्हा’ नावाची मोठी डीव्हीडी त्यांनी केली होती. कोसबाडची टेकडी, झाईचं बंदर, २०१३ च्या एप्रिलमध्ये डहाणूला पहिली लोकल आली तेव्हाची गर्दी, सगळं होतं. शाळांना आणि ग्रामपंचायतींना वाटायला पन्नासचा अख्खा डबा राइट करून ठेवला. १५ ऑगस्टला वाटायचा होता. २०१४ च्या १ ऑगस्टला पालघर जिल्हा झाला.

डिस्क पुसता येत नाही. फोडावी असं नानांच्या मनातही आलं नाही. त्यांनी मार्कर घेतला आणि पन्नासही डिस्कवर शेवटी एक शब्द वाढवला: ‘आपला ठाणे जिल्हा होता’. वाटल्या. एका शाळेत ती इतिहासाच्या तासाला दाखवतात.

मग २०१८ च्या नोव्हेंबरपासून आमच्याकडे जमीन हलायला लागली. धुंदलवाडी आणि तलासरीकडच्या गावांत रोज कधी ना कधी धक्का. आधी पोटातून आल्यासारखा आवाज, मग मांडणीवरची भांडी. भर थंडीत लोक पोरंबाळं घेऊन घराबाहेर तंबूत झोपायचे. अशातही साखरपुडे होत होते. त्यांतल्याच एका घरी रात्री नानांचा कार्यक्रम लागला. मनोगत संपलं, मुलीकडचे फोटो सुरू झाले आणि धक्का बसला. माणसं जेवणाची ताटं सोडून अंगणात. सगळे मोजून झाले, नाना नाहीत. कुणीतरी ओरडलं. तेवढ्यात ते दारातून आले, सावकाश, हातात रिमोट.

“नाना, आत काय करत होता?”

“पॉझ.”

सगळी बटणं बंद केली तरी पॉझ त्यांनी चालू ठेवलं होतं. आत जायला कुणी तयार नव्हतं, म्हणून पोरांनी टीव्ही उचलून बाहेर आणला, वायर खिडकीतून ओढली आणि ताडपत्रीखाली उरलेले फोटो पाहिले. संपल्यावरही झोप येण्यासारखी स्थिती नव्हती. मग दुसऱ्यांदा लावली. पुढे ढकलता येत नसल्याने मनोगतही दुसऱ्यांदा झालं. पटवर्धन कोण, कल्याणचे, काचेवर चित्रं काढायचे, हे त्या पाड्यावरच्या शेंबड्या पोराला आज पाठ आहे.

एवढं करून काळ काही थांबला नाही. डिस्क बनवणारी मोझर बेअर दिवाळखोरीत निघाली, नानांचं लाडकं प्रोशो हे सॉफ्टवेअर बनवणारी अमेरिकेतली कंपनी २०२० च्या सुरुवातीला बंद पडली, आणि नव्या टीव्हींना पिवळं भोक येईनासं झालं. फटीतून बाहेर आलेले नाना आताशा काही बोलत नाहीत. तलासरीजवळच्या एका लग्नघरी भला मोठा स्मार्ट टीव्ही होता, भोक एकही कामाचं नाही. नानांनी शेजारच्या पाड्यावरून कुणाचा तरी जुना टीव्ही इको गाडीत घालून आणला आणि त्या स्मार्ट टीव्हीच्या पुढ्यात स्टुलावर ठेवून लावला. घरधनी म्हणाला, “पेनड्राइव्हवर द्या ना, नाना.” नाना म्हणाले, “पेनड्राइव्हवर मनाईचा हात येत नाही.”

शेवटी नातवाने तोडगा काढला. त्याने नानांच्या जुन्या डीव्हीडी फोनमध्ये उतरवून दिल्या आणि व्हॉट्सअॅपचं स्टेटस शिकवलं. त्या वेळी एका स्टेटसला तीस सेकंदांची मर्यादा होती. तीस सेकंदांत सहा फोटो. नानांना हिशोब पटला. तेव्हापासून ते हप्त्याहप्त्याने एकेक लग्न स्टेटसला टाकतात: आज मेंदी, उद्या हळद, परवा सीमांतपूजन. आम्ही सगळे खूश झालो. अंगठा दाबला की पुढे, मनोगत असलं तरी पुढे, हात येत नाही की काही नाही.

पण नातवाने त्यांना आणखी एक गोष्ट शिकवली होती. आपलं स्टेटस कुणी कुणी पाहिलं याची यादी दिसते, आणि प्रत्येक तुकड्याची वेगळी दिसते. नाना पहाटे साडेपाचला उठून चष्मा लावून ती यादी वाचतात. मग फोन करतात. तालुक्यात आता सकाळी कुणाकुणाची रिंग वाजते ती त्यांचीच.

“मी नाना बोलतोय. झोपला होतात का? काल हळदीच्या चौथ्या तुकड्यावर थांबलात तुम्ही. पाचवा, सहावा पाहिलाच नाहीत.”

“नाना, जरा कामात...”

“सहाव्यात तुमच्या सासूबाई आहेत. पाच सेकंद. उघडा, मी लाइनवर आहे.”